पांढरं, पिवळं, निळं: दिव्यांग ओळखपत्राचे बदललेले नियम

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने दिव्यांग हक्क नियमांमध्ये दुरुस्ती केली. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनांतल्या दिव्यांग लाभार्थ्यांचं मासिक अर्थसाहाय्य १,५०० वरून २,५०० रुपये केलं. त्याच वर्षी राज्यात दिव्यांग कोट्यातून नोकरी, बढती किंवा बदलीची सवलत घेतलेल्या कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची पडताळणी सुरू झाली. तिन्ही बातम्या वेगवेगळ्या आल्या, तरी वाट एकाच कागदावरून जाते. तो कागद म्हणजे युडीआयडी, दिव्यांग व्यक्तीचं देशभर चालणारं एकच ओळखपत्र.

सिव्हिल हॉस्पिटलमध्ये बोर्डाच्या, म्हणजे दिव्यांगत्व तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाच्या दिवशी रांगेत कान दिला तर तेच प्रश्न ऐकू येतात. जुना दाखला रद्द झाला का? कार्ड पांढरं आलं म्हणजे काय? एक डोळा पूर्ण गेलाय तरी चाळीस टक्के का भरत नाहीत? कार्ड आलं, पण पैसे कुठे आहेत? सुरुवात शेवटच्या प्रश्नापासून करू, कारण बहुतेकांची गफलत तिथेच होते.

दाखला, कार्ड आणि लाभ

सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून शेतात पीक येत नाही. पण नाव नसेल तर पीककर्ज नाही, पीकविमा नाही, नुकसानभरपाईही नाही. युडीआयडी तसंच आहे. कार्डातून स्वतःहून काहीच मिळत नाही, ते नसेल तर मात्र बाकीचं सगळं अडतं.

यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, म्हणजे डॉक्टरांच्या मंडळाने तपासून दिलेला प्रकार, टक्केवारी आणि मुदत. दुसरी युडीआयडी कार्ड, म्हणजे त्या प्रमाणपत्राचा गोषवारा असलेलं आणि १८ अक्षर-अंकांचा क्रमांक असलेलं ओळखपत्र. तिसरी प्रत्यक्ष योजना: पेन्शन, एसटीची सवलत, शिष्यवृत्ती, नोकरीतलं आरक्षण. प्रत्येक योजनेचा अर्ज वेगळा आणि अटी वेगळ्या. कार्ड देतं आरोग्य खातं, पेन्शन मंजूर करतं तहसील कार्यालय. एकाने दिलं म्हणून दुसरं आपोआप देईल, असं होत नाही.

या सगळ्याचा पाया म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. आधीच्या, १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, या कायद्यात २१ झाले. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल आणि ॲसिड हल्ल्यातून आलेलं अपंगत्व आता यादीत आहे. विदर्भ आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे आपल्याकडे हा बदल कागदापुरता नव्हता.

('दिव्यांग' हा शब्द अनेक कार्यकर्त्यांना खटकतो. अपंगत्वात दैवी काही नाही, सोय नसणं ही अडचण आहे, असं ते म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. सरकारी कागदांवर मात्र सध्या हाच शब्द चालतो, म्हणून इथेही तोच वापरला आहे.)

२०२४ मध्ये नेमकं काय बदललं?

प्रमाणपत्र ऑनलाइन देण्याची सक्ती नवी नाही. १ जून २०२१ पासून देशभर प्रमाणपत्र फक्त युडीआयडी पोर्टलवरूनच द्यायचं आहे. त्या तारखेनंतर कुणी हाताने लिहून, शिक्का मारून दाखला दिला असेल तर तो वैध नाही. १ एप्रिल २०२३ पासून केंद्राच्या योजनांसाठी युडीआयडी क्रमांक, किंवा निदान नोंदणी क्रमांक, आवश्यक झाला.

२०२४ च्या दुरुस्तीने अर्जाची घडी आणखी घट्ट केली. ओळखीचा पुरावा, सहा महिन्यांपेक्षा जुना नसलेला फोटो आणि आधार लागतं. प्रमाणपत्र आणि कार्ड यांची सांगड पक्की झाली आणि कार्डांचे तीन रंग नियमातच आले. दोन बदल मात्र बातम्यांत मागे पडले, आणि सामान्य माणसाला तेच जास्त भिडतात.

पहिला मुदतीचा. पूर्वी वैद्यकीय प्राधिकाऱ्याने एका महिन्यात प्रमाणपत्र द्यायचं होतं, आता तीन महिन्यांत. महिनाभराची मुदत फार ठिकाणी पाळलीच जात नव्हती, त्यामुळे नियम वास्तवाच्या जवळ आणला, असं समर्थन करता येतं. पण घड्याळ मागे पडतंय म्हणून शाळेचीच वेळ बदलावी, अशातली ही गोष्ट आहे.

दुसरा बदल जास्त बोचरा आहे. दोन वर्षांत अर्जावर निर्णय झाला नाही तर तो बाद समजला जातो आणि माणसाला नव्याने अर्ज करावा लागतो. जिल्ह्यात मानसोपचारतज्ज्ञ किंवा कान तपासणारा ऑडिओलॉजिस्ट नाही म्हणून फाइल पडून राहिली, तरी फेऱ्या अर्जदाराच्याच वाढतात. म्हणून पोर्टलवरची अर्जाची स्थिती महिन्याकाठी एकदा तरी बघावी. तीन महिने उलटूनही तपासणीची तारीख मिळाली नसेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात नोंदणी क्रमांकासह लेखी अर्ज द्यावा आणि पोचेवर शिक्का घ्यावा. पुढे भांडायची वेळ आली तर तोंडी चौकशीचा पुरावा नसतो, पोच हाच पुरावा.

रंगांचा अर्थ काय?

दिव्यांगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर पांढरं कार्ड. ४० किंवा जास्त, पण ८० पेक्षा कमी असेल तर पिवळं. ८० आणि त्यापुढे निळं. रेशनकार्डाच्या रंगांशी याचा संबंध नाही, उत्पन्नाशी तर मुळीच नाही.

४० हा आकडा महत्त्वाचा, कारण कायद्यात 'लक्षणीय दिव्यांगत्व' म्हणून तीच रेघ आखली आहे. सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण, उच्च शिक्षणातलं ५ टक्के आरक्षण आणि ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क या रेघेच्या पलीकडे मिळतो. दहावीला ३५ म्हणजे पास आणि ३४ म्हणजे नापास, तसंच.

मग पांढरं कार्ड घ्यायचंच कशाला? एक, ४० च्या खालच्या माणसालाही भेदभावाविरुद्धचं संरक्षण आहे, ते टक्क्यांवर अवलंबून नाही. दोन, अनेक आजार वाढत जातात. आज ३० टक्के असलेली व्यक्ती चार वर्षांनी ५५ वर जाऊ शकते. आधीची नोंद असेल तर फेरतपासणीत आजाराचा प्रवास दिसतो.

टक्केवारी मोजतात कशी?

सगळ्यात जास्त वाद या विषयावर होतात, आणि समजावून सांगायला डॉक्टरांकडे वेळ नसतो. एक गोष्ट आधी पक्की करू. टक्केवारी म्हणजे तुम्हाला होणाऱ्या त्रासाचं माप नाही. अवयवाची किंवा क्षमतेची किती हानी झाली, ती ठरलेल्या तक्त्यावर कुठे बसते, एवढंच ती सांगते. एकाच ५० टक्क्यांत कारखान्याची नोकरी गेलेला जोडारी असतो आणि टेबलाशी बसून काम करणारा लेखापालही असतो.

तक्ता केंद्र सरकारचा असतो. ४ जानेवारी २०१८ ला सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं निघाली आणि मार्च २०२४ मध्ये ती सुधारली. खालची उदाहरणं २०१८ च्या तक्त्यातली आहेत, हिशोबाची रीत त्यातून स्पष्ट होते.

कानाचं बघा. दोन्ही कानांची हानी वेगवेगळी मोजतात. मग चांगल्या कानाच्या टक्केवारीला ५ ने गुणतात, त्यात वाईट कानाची टक्केवारी मिळवतात आणि बेरजेला ६ ने भागतात. समजा एक कान पूर्ण गेला, म्हणजे १०० टक्के, आणि दुसरा ठणठणीत, म्हणजे ० टक्के. हिशोब: शून्य गुणिले पाच, अधिक शंभर, भागिले सहा. उत्तर साधारण १७ टक्के. म्हणजे एका कानाने ठार बहिरा असलेला माणूस चाळिशीच्या जवळपासही पोचत नाही. सूत्र चांगल्या कानाला पाचपट वजन देतं, कारण संभाषण त्याच कानावर चालतं.

डोळ्याचंही असंच. एका डोळ्याची दृष्टी पूर्ण गेली आणि दुसरा ६/६ ते ६/१८ मध्ये असेल (६/६ म्हणजे चांगली नजर, खालचा आकडा वाढेल तशी नजर कमी) तर तक्त्यानुसार ३० टक्के. बोर्डाबाहेर रोज यावरून शब्दाला शब्द लागतो. एक डोळा गेला म्हणजे निम्मी दृष्टी गेली, मग ५० टक्के हवेत, असं साधं गणित लोक मांडतात. तक्ता विचारतो की उरलेल्या डोळ्याने काय दिसतं. तोही चष्मा लावून. उरलेल्या डोळ्याची दृष्टी चष्म्यासह घसरलेली असेल तरच आकडा चढतो. दोन्ही डोळे ६/२४ ते ६/६० मध्ये असतील तर ४० टक्के. म्हणून तपासणीला चष्मा नेलाच पाहिजे. 'चष्मा घरी ठेवला तर जास्त टक्के मिळतील' ही रांगेत ऐकलेली सूचना ऐकली तर फक्त एक फेरी वाया जाते.

आता दोन व्याधी असतील तर? पोलिओमुळे पायाचे ५० टक्के आणि कानाचे ३० टक्के, म्हणजे एकूण ८० टक्के आणि निळं कार्ड? नाही. टक्के सरळ मिळवत नाहीत. दुकानात '५० टक्के सूट, वर आणखी ३० टक्के' अशी पाटी असते तेव्हा ८० टक्के सूट मिळत नाही. दुसरी सूट उरलेल्या किमतीवर लागते. इथेही तत्त्व तेच, फक्त शंभराऐवजी नव्वद धरतात. मोठ्या आकड्यात छोट्या आकड्याचा तेवढा वाटा मिळवायचा: ५० अधिक ३० गुणिले (९० वजा ५०) भागिले ९०. म्हणजे ५० अधिक १३.३, साधारण ६३ टक्के. कार्ड पिवळं.

बौद्धिक अक्षमतेत बुद्ध्यांकासोबत रोजच्या जगण्याची कौशल्यं तपासतात. सौम्य अक्षमता म्हणजे ५० टक्के, मध्यम ७५, तीव्र ९०. इथे सौम्य शब्दाला फसू नये, सौम्य असूनही चाळिशीची रेघ ओलांडलेलीच असते. मानसिक आजारासाठी वेगळी प्रश्नावली असते. स्वतःची निगा, नात्यातलं वागणं, संवाद, काम आणि आजार किती वर्षांचा, हे त्यात बघतात. इथे उपचारांचे जुने कागद फार कामाला येतात. आजार दिसत नाही, त्यामुळे केस पेपर नसेल तर डॉक्टरकडे मोजायला फारसं काही राहत नाही.

अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठव्या वर्षाआधी मिळत नाही. आठव्या वर्षी पहिलं, चौदाव्या वर्षी पुन्हा, आणि अठराव्या वर्षी मिळालेलं कायमचं. दहावीच्या परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर डिसेंबरात धावपळ करून उपयोग नाही. चाचण्यांच्या तारखा मिळायलाच महिने जातात, म्हणून नववीतच सुरुवात करावी.

अर्ज कुठे अडतो?

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा आणि तो मोफत आहे. महा ई-सेवा केंद्रात भरून घेतलात तर त्यांचं सेवाशुल्क लागतं, सरकारी फी नाही. अर्ज भरला की नोंदणी क्रमांक मिळतो. मग राहत्या जिल्ह्यातल्या नेमून दिलेल्या रुग्णालयात मूळ कागद घेऊन तपासणीला जायचं. डॉक्टर तपासून टक्केवारी पोर्टलवर भरतात. नंतर प्रमाणपत्र आणि ई-कार्ड तिथूनच उतरवून घेता येतं, प्लॅस्टिकचं कार्ड टपालाने घरी येतं. ई-कार्ड छापील कार्डाइतकंच ग्राह्य आहे, टपालाची वाट बघत योजनेचा अर्ज थांबवू नये.

चुका बहुतेक छोट्या आणि पुन्हापुन्हा त्याच होतात. आधारवर नाव 'ज्ञानेश्वर' एका स्पेलिंगने आणि अर्जात दुसऱ्या, की पुढे बँक खातं जुळत नाही. जन्मतारखेच्या जागी आधारवर फक्त वर्ष असतं. बायकांच्या बाबतीत माहेरचं आणि सासरचं नाव हा हमखास घोळ. आधी आधार दुरुस्त करा, मग अर्ज. उलट्या क्रमाने केलं तर दोन्हीकडे फेऱ्या होतात.

मोबाइल क्रमांक स्वतःचा किंवा घरातल्या माणसाचा द्यावा. सेवा केंद्रवाल्याने घाईत स्वतःचा नंबर टाकला की ओटीपी त्याच्याकडे जातो आणि अर्जाची चावी कायमची त्याच्या हातात राहते. अर्ज भरून झाल्यावर पावती छापून घेताना त्यावरचा मोबाइल क्रमांक वाचून बघायला अर्धं मिनिट लागतं.

अर्ज अडकला म्हणून दुसरा नवा अर्ज भरणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. एकाच आधारवर दोन नोंदी झाल्या की प्रणाली दोन्ही अडवते, आणि एक रद्द करून घेण्यात आठवडे जातात. आधीच्या अर्जाचीच स्थिती बघायची.

तपासणीच्या दिवसाचंही एक तंत्र आहे. अस्थिव्यंग, डोळे, कान आणि मानसिक आजार यांचे बोर्ड बऱ्याच जिल्ह्यांत वेगवेगळ्या वारी बसतात. बुधवारी हाडांचं बोर्ड आणि डोळ्यांचं शुक्रवारी असेल, तर बुधवारी डोळा दाखवायला शंभर किलोमीटरवरून आलेला माणूस तसाच परत जातो. वार आधी फोनवर किंवा फलकावर बघून ठेवावा. सोबत एक्स-रे, ऑडिओग्राम, शस्त्रक्रियेचा डिस्चार्ज कागद आणि जुना दाखला न्यावा. अपघात किंवा पक्षाघात नुकताच झाला असेल तर डॉक्टर थांबायला सांगतात किंवा मुदतीचं प्रमाणपत्र देतात, कारण सुधारणा होऊ शकते. तो नकार नव्हे. अशा प्रमाणपत्रावरची मुदत मात्र लिहून ठेवावी. मुदत संपली की पेन्शन कुणी न सांगता थांबते.

जुना दाखला आहे, त्याचं काय?

महाराष्ट्रात २०२१ च्या आधी अनेकांना राज्याच्या संगणक प्रणालीतून, सॅडममधून, दाखले मिळाले. त्याआधीचे हस्तलिखित दाखलेही आहेत. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवताना कुणाचं नाव गळलं, कुणाचं क्षेत्र बदललं, तसा प्रकार थोडाबहुत इथेही झाला.

वैध जुना दाखला असलेल्याने घाबरू नये. तो रद्द झालेला नाही, पण त्याचा युडीआयडीत समावेश करून घ्यायला हवा. पोर्टलवर अर्ज करताना 'आधीचं प्रमाणपत्र आहे' हा पर्याय निवडून ते अपलोड करायचं. रुग्णालयाला स्वतःच्या नोंदीत तो दाखला सापडला तर नव्याने तपासणीची गरज पडत नाही. नोंदवही हरवली असेल किंवा दाखल्यावर क्रमांक, तारीख, सही अस्पष्ट असेल तर तपासणीला बोलावतात. दाखला खरा असूनही बोलावणं येतं, म्हणून अपमान वाटून घेण्यात अर्थ नाही. जुन्या तक्त्यावरचे ४५ टक्के नव्या तक्त्यावर ४५ च राहतील याची मात्र खात्री नसते, म्हणून जुने वैद्यकीय कागद आधी गोळा करावेत.

खोट्यांनी केलं, मग खऱ्यांना त्रास का?

हा आक्षेप रास्त आहे. २०२४ मध्ये भारतीय प्रशासन सेवेतल्या एका परिविक्षाधीन अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून देशभर वाद झाला. बदलीत सोयीची शाळा मिळावी म्हणून जोडलेल्या दाखल्यांचा विषय राज्यात त्याआधीपासून गाजत होता. कोट्यातली एक जागा चुकीच्या माणसाला गेली की ती खऱ्या दिव्यांगाकडूनच हिरावली जाते. म्हणून पडताळणीला विरोध करणं दिव्यांग संघटनांनाही परवडणारं नाही, अनेक संघटनांनी तर ती मागितलीच होती.

कायद्यात शिक्षा आहे. फसवून लाभ घेतला किंवा घेण्याचा प्रयत्न केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण तेवढ्यावर प्रश्न सुटत नाही. खोटा दाखला एकट्या अर्जदाराकडून तयार होत नाही, त्यावर कुणाची तरी सही असते. तपास सहीपर्यंत पोचला नाही तर गाळण फक्त रांगेतल्या माणसांनाच लागते.

पडताळणीची नोटीस आलेल्या खऱ्या दिव्यांग कर्मचाऱ्याने एक लक्षात ठेवावं. टक्केवारीतला दोन-पाचचा फरक म्हणजे फसवणूक नव्हे. तक्ते बदलले आहेत, आजारही कमी-जास्त होतात. नेमणुकीच्या वेळचा मूळ दाखला, त्या वेळचे अहवाल आणि आताचं युडीआयडी एकत्र सादर करावं, आणि फेरतपासणीत काय निघालं त्याची प्रत मागून घ्यावी.

कार्ड हातात आलं, आता पुढे?

पेन्शनपासून सुरुवात करू. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांग व्यक्तीला महिना २,५०० रुपये मिळतात. अट ४० टक्के किंवा जास्त, वय १८ ते ६५, राज्यातलं १५ वर्षांचं वास्तव्य आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आत. अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत. पैसे थेट खात्यात येतात, पण खातं आधारशी जोडलेलं हवं. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो. 'वाढ झाली तरी माझे १,५०० च येतात' असं असेल, तर बहुतेक वेळा यादीत त्या व्यक्तीची नोंद दिव्यांग म्हणून नसते. एखादी दिव्यांग विधवा विधवा म्हणूनच मंजूर झालेली असते. तिथे युडीआयडी देऊन प्रवर्ग बदलून घ्यावा लागतो.

केंद्राची स्वतंत्र इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना आहे. तिची अट ८० टक्के आणि दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब, आणि केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये. २०१२ नंतर तो वाढलेला नाही. उरलेला भार राज्य उचलतं. 'राष्ट्रीय' नाव असलेल्या योजनेतला हा आकडा वाचून वाचकाने स्वतःच काय ते समजावं.

बाकीचं थोडक्यात. एसटीत ४० टक्क्यांपुढे भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, जास्त तीव्रतेच्या दिव्यांगांच्या सोबत्यालाही सवलत मिळते. ग्रामपंचायत, नगरपालिका आणि महापालिकेने आपल्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत 'गेल्या वर्षी या निधीतून काय घेतलं' असं विचारायला कार्डही लागत नाही, पण फार कमी गावांत कुणी विचारतं. आयकराच्या जुन्या रचनेत ४० टक्क्यांना ७५,००० आणि ८० टक्क्यांना १,२५,००० रुपयांची वजावट आहे, नव्या रचनेत ती मिळत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाची निरामय ही वर्षाला एक लाखापर्यंतची आरोग्यविमा योजना पाहावी. अशी मुलं अठरा वर्षांची झाली की कायद्याने आईबापही आपोआप पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं, नाहीतर बँकेत सही कुणाची, इथूनच अडतं.

नोकरीच्या आरक्षणात एक बारीक पाचर आहे. दिव्यांगत्वाचे प्रकार २१ असले, तरी ४ टक्के आरक्षण त्या सगळ्यांना नाही. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिस त्या कलमात येत नाहीत. सिकलसेलच्या पिवळ्या कार्डावर शिक्षणातलं आरक्षण मागता येतं, सरकारी नोकरीतलं नाही. कायदा करताना यादी वाढली, वाटा मात्र सगळ्यांना मिळाला नाही.

टक्के जास्त म्हणून प्रवेश नाकारला तर?

कधी उलटंच होतं. कोट्यात बसायला ४० हवेत, आणि ४० पेक्षा जास्त आहेत म्हणून अभ्यासक्रमाला अपात्र! वैद्यकीय प्रवेशाच्या नियमात वाचा-भाषा दिव्यांगांच्या बाबतीत असाच पेच होता. महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याच्या याचिकेवर ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसत्या आकड्यावर कुणाला अपात्र ठरवता येणार नाही. तो अभ्यासक्रम ही व्यक्ती प्रत्यक्षात पुरा करू शकते का, हे मंडळाने तपासायचं आणि नाही म्हणायचं असेल तर कारणं लिहायची. टक्केवारी हे जगण्याचं माप नव्हे, हेच न्यायालयाने वेगळ्या शब्दांत सांगितलं.

दाखला नाकारला किंवा टक्के कमी दिले तर?

नकार तोंडी ऐकून घरी येऊ नये. नियमानुसार नकाराची कारणं लेखी द्यायची असतात, ती मागावीत. निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांत अपील करता येतं. अपिलात 'अन्याय झाला' एवढंच लिहून भागत नाही. कोणती चाचणी झाली नाही, कोणता अहवाल बघितला नाही, तक्त्यातल्या कोणत्या ओळीत आपण बसतो, हे लिहावं. कानाच्या बाबतीत नवा ऑडिओग्राम जोडावा, डोळ्याच्या बाबतीत चष्म्यासहची दृष्टी लिहून घ्यावी. कार्यालयं दाद देत नसतील तर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. तक्रारीला पोर्टलचा नोंदणी क्रमांक, सिव्हिलच्या शिक्क्याची पोच आणि नकाराची प्रत जोडावी. शाळा, बँक किंवा कार्यालयाने कार्ड असूनही सोय नाकारली तर तक्रार या आयुक्तांकडेच करता येते.